चौथाई

"अंतर दुप्पट केलं तर गुरुत्वाकर्षणाचं बळ निम्मं न्हाई, चौथाई होतं सर! रेश्माचं बरोबर हाय." क्रांतीबाईंनी दहावीतल्या रेश्माचा पेपर टेबलावर आपटला.

मुख्याध्यापक लालासाहेबांनी मान वर केली नाही. "मलाबी म्हाईत हाय, बाई. हयातभर विज्ञानच शिकवलंय."

"मग?"

"पेपर संस्थेच्या अध्यक्षांच्या सूनबाईंनी काढलाय, तपासलाबी त्यांनीच. निकाल लागला. आता गप बसा."

क्रांतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. न कळणाऱ्याला समजावता येतं; कळून गप बसणाऱ्याचं काय करायचं? संस्थेच्या या निवड परीक्षेत एका गुणापायी रेश्माची कराडच्या वसतिगृहातली फुकट जागा गेली होती. इस्लामपूरच्या स्टँडसमोर इस्त्रीचा गाडा लावणारी तिची आई अंजना पोरीला पुढं कुठं ठेवणार होती?

दुपारी बक्षीस समारंभ होता. सूत्रसंचालन क्रांतीबाईंकडंच. पहिलं नाव पुकारायचं सोडून त्या माइकवर म्हणाल्या, "एका वस्तूचं वस्तुमान दुप्पट झालं, तर ओढ दुप्पट होते. पण दोघांतलं अंतर दुप्पट झालं, तर ओढ चौथाईच उरते. रेश्मानं हेच लिहिलं. चूक तिची नाही, संस्थेची..."

माइक बंद झाला. त्या तशाच बोलत राहिल्या, आवाज चिरकेपर्यंत.

पुढच्या रांगेत अध्यक्ष हसले. "बाई दमल्यात. घरी सोडा यांना."

त्या कंत्राटी शिक्षिका; दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावरूनच त्यांना परतवलं. निकाल होता तसाच राहिला.

साताऱ्याला आपल्या घरी परतायला त्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभ्या होत्या. रस्ता ओलांडून अंजना तरातरा आली.

"बोलून तुमी मोकळ्या झालासा! माझ्या पोरीला आता त्या शाळंत कोन उभं करंल? मला एकदा तरी इचारलंसा का?"

विचारलं नव्हतं. क्रांतीबाई कशाबशा म्हणाल्या, "तिचं उत्तर बरोबर होतं, अंजनाताई."

"त्ये मला सांगाय पायजे व्हय? कवा चुकलीया ती?"

गाडी लागली. दाराशी झुंबड उडाली. अंजनानं रागारागातच त्यांची पुस्तकांची जड पिशवी उचलली, कोपरानं माणसं सारत खिडकी गाठली आणि पिशवी आत सीटवर ढकलून बाईंसाठी जागा धरली. मग त्यांच्याकडं न बघताच ती आपल्या गाड्याकडं चालू लागली.