पुजारिणीचा फासा

मी एक जुना फासा आहे, मित्रांनो. पण सारीपाटावरचा लांबोडका नव्हे. मला वीस तोंडं आहेत आणि प्रत्येक तोंडावर एक आकडा. एवढी तोंडं असून मी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. माणसांना एकच तोंड असतं. त्याचा जमाखर्च मी टेबलावर पडल्या पडल्या पाहत आलो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. जांभळी राळ साच्यात ओतली, ती थिजली, मग खडखडणाऱ्या पिंपात घासून गुळगुळीत केली आणि आकड्यांच्या खाचांत पांढरा रंग भरला. दुखलं का, ते आठवत नाही. तेव्हापासून मला फारसं काही दुखलेलं नाही.

एका बसचालकाने मला विकत घेतलं. सुट्टीच्या दुपारी तो चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत खेळायला जाई. खेळ असा, की एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, गुहा, राक्षस, पडके किल्ले उभे करतो, आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. घाव लागला की हुकला, ते मी ठरवतो. सूत्रधार सांगेल तेवढे किंवा त्याहून जास्त पडलो तर जमलं. मी वीस पडलो तर लोक नाचतात, एक पडलो तर मला शिव्या देतात. टाकणाऱ्या हाताला कोणी काही म्हणत नाही.

सूत्रधार होती एक दातांची डॉक्टरीण. दिवसभर तिच्यापुढे माणसं तोंड उघडूनही गप्प बसत. तिची बोलायची हौस सुट्टीला फिटे. दुकान ज्यांचं, ते चष्मेवाले मामा वनसाधू होत. झाडापानांत देव पाहायचा आणि मंत्र म्हणून अस्वल व्हायचं, हे त्यांचं काम. बसचालकाचा धाकटा भाऊ वायरमन. तो धर्मवीर होई. अंगात चिलखत, हातात तलवार, आणि देवाचं नाव घेऊन असा एक घाव की समोरचा भुईसपाट. माझा मालक पुजारीण होई. जखमेने कोणी पडला तर त्याला एक फेरी मिळते. तेवढ्यात पुजारिणीने मंत्राने उठवलं तर तो वाचला, नाहीतर गेला.

मी पाहिलंय, धर्मवीर तो होतो ज्याला घरी कोणी विचारत नाही. वनसाधू तो, ज्याला घरी सारखं कोणीतरी विचारतं. पुजारी मात्र हौसेने कोणी होत नाही. ते पात्र कुणाच्यातरी गळ्यात पडतं.

बसचालक अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने मला आणि पुजारिणीची ताकद, मंत्र असं सगळं लिहिलेला तिचा कागद बायकोच्या हातात दिला.

"माझ्या जागी तू जात जा. तेवढी तिला जिवंत ठेव."

"कोणाला?"

"पुजारिणीला गं. माझं काय घेऊन बसलीस!"

तो गेला. पुढे एका सुट्टीला त्याची बायको येऊन त्याच्या खुर्चीवर बसली. टेबलावर सगळे तिला वहिनीच म्हणत. ती रडली नाही. मला उचलून म्हणाली, "किती पडायला हवेत?"

त्यानंतर कित्येक मोहिमा झाल्या. मामा पडत, वायरमन पडे, आणि वहिनी म्हणे, "उठवते." पुजारीण जिवंत राहिली.

मग एका दुपारी डॉक्टरीण म्हणाली, "नव्या गोष्टीत देवाचा माणूस एकच. तिघं तिघं निघालात तर ती मोहीम नव्हे, मठाची सहल होते."

"मग ज्याची ताकद जास्त तो राहील," वायरमन म्हणाला. "म्हणजे मीच. माझा एक घाव म्हणजे तुमची आठवड्याची कमाई."

"आणि घाव संपले की?" मामा म्हणाले. "मग नुसता कपड्याच्या दुकानातला पुतळा! माझं अस्वल मेलं तरी आत मी शिल्लक असतो."

"मामा, चष्मा काढला तर तुम्हाला अस्वल कुठलं नि मांजर कुठलं ते कळत नाही."

"कागदावर बघाल तर पुजारीणच भारी," डॉक्टरीण म्हणाली. "रोज सकाळी प्रार्थना करून मंत्र बदलता येतात. ढाल तिच्याकडे, आगही तिच्याकडे."

"कागदावर ना! वहिनींनी ती आग कधी काढलीय? सगळे मंत्र आम्हाला उठवण्यात जातात."

"पडता कशाला मग?" वहिनी म्हणाली.

शेवटी तिघांची आपसात लढाई ठरली. त्या टेबलाचे नियम दोन. मेलेल्या पात्राचा कागद खेळणाऱ्याने स्वतः फाडायचा, आणि बोललेली खेळी मागे घ्यायची नाही. "चालेल," वहिनी म्हणाली. नवऱ्याने सांभाळायला दिलेली ती एकच गोष्ट होती, हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी आपापले कागद पुढे ओढले.

वहिनीने आग काढली. मी वीस पडलो. अस्वल जळालं आणि आतले मामाही. त्यांनी कागद फाडला. पुढच्या फेरीला तिने धर्मवीरावर आग टाकली, मी सतरा पडलो.

"पडलो," वायरमन म्हणाला.

आता वहिनीने एक फेरी गप्प बसायचं होतं, एवढंच.

"वहिनी, तुमची खेळी?"

"उठवते."

भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"अहो, चुकून आलं तोंडातून! मागे घ्या," मामा म्हणाले.

"बोलले ते बोलले."

वायरमनकडे एक घाव शिल्लक होता. "वहिनी, खेळ आहे हा," तो म्हणाला, आणि त्याने तो घातला. पुजारीण पडली. तिला उठवणारं दुसरं कोणी नव्हतं. वहिनीने दुधाची पिशवी फाडावी तसा कोपरा धरून कागद फाडला आणि कप विसळायला घेतले. मी सतरा दाखवत तसाच पडून होतो. मला वाईट वाटलं का? मी राळेचा आहे.

पुढच्या सुट्टीला वहिनी आली. तिने नवं पात्र आणलं होतं, चोरटी. पहिल्याच पुलावर राक्षसाची गदा धर्मवीराच्या डोक्यात बसली.

"पडलो," वायरमन म्हणाला, आणि सवयीने तिच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

वहिनीने मला तळहातावर घेतलं. हात गार होता.

"पडलेल्या धर्मवीराच्या कमरेची थैली कापते."

"वहिनी!"

"मला मंत्र येत नाहीत, भाऊजी. किती पडायला हवेत?"

डॉक्टरीण हळूच म्हणाली, "बारा."

मी बारा पडलो. फेरी संपली. वायरमनने कागद उचलला, पण बराच वेळ फाडला नाही.

मित्रांनो, माझी काळजी घेणं सोपं आहे. मला उन्हात ठेवू नका, चावू नका, झालं. पण तुमच्या टेबलावर कोणी पुजारी असेल, तर त्याची ताकद मोजत बसू नका. तुमची खेळी आली की कधीतरी त्याच्या पुढे जाऊन उभे राहा आणि त्याच्यावरचा घाव अंगावर घ्या. त्यासाठी मला टाकावंही लागत नाही.