चौकोनी कंस

“‘हे शब्द मी रचले’, एवढंच म्हणायचं, काका. खाली सही करा.” निवेदिता वकीलबाईंनी कागद पुढं सरकवला.

शेषगिरींनी पेन घेतलं आणि टोपण न काढताच धरून ठेवलं. कोप्पीकर रोडवरच्या या ऑफिसात त्यांना मुलगी भार्गवी घेऊन आली होती. ओढून आणलं म्हटलं तरी चालेल.

शेषगिरी धारवाडात पाटबंधारे खात्यात कारकून होते. विहीर कुठं खणावी हे सांगणारी एक जुनी संस्कृत पोथी त्यांच्या हाती लागली, तीही निम्मी कसरीनं खाल्लेली. एकोणीस वर्षं ऑफिस सुटल्यावर ते तिची भोकं भरत बसले. गावोगावच्या नकला मागवल्या, वृत्त मोजलं, उरलं ते अंदाजानं घातलं. अंदाजाचा शब्द चौकोनी कंसात, हा या कामातला नेम. इथं पोथी गप्प आहे, बोलतोय तो मी, असं सांगणारा कंस. या नादात बढतीची परीक्षा राहिली आणि बायकोचं बदामीची लेणी बघणंही. खात्यात त्यांना ‘विहीरसाहेब’ म्हणत. कौतुकानं नव्हे.

गेल्या वर्षी एका प्रकाशकानं वाचायला म्हणून हस्तलिखित नेलं. आता पुस्तक बाजारात आलं होतं. त्यात शेषगिरींचं नाव नव्हतं आणि एकही कंस नव्हता. जुन्या पोथीवर कुणाचा हक्क, असं फोनवर उत्तर मिळालं.

“त्यांचं अर्धं बरोबर आहे,” निवेदिता म्हणाली. “जुन्या कवीचं कुणीही छापावं. तुम्ही मनानं घातलेलं तेवढं तुमचं. आणि पुरावा पक्का आहे की. बकुळ.”

बावन्नाव्या श्लोकात, ज्या झाडाखाली पाणी लागतं त्या झाडाचं नावच कसरीनं खाल्लं होतं. माळमड्डीच्या त्यांच्या घरी विहिरीवर बकुळ होती आणि ती वृत्तातही बसत होती, म्हणून शेषगिरींनी बकुळ घातली. हस्तलिखित दिल्यावर दोन महिन्यांनी एक धड नक्कल मिळाली. तिच्यात पळस होता. छापील पुस्तकात अर्थात शेषगिरींचीच बकुळ.

“म्हणजे बरोबर निघालं ते कवीचं,” शेषगिरी म्हणाले, “आणि चुकलं तेवढं माझं?”

“कायद्यानं तसंच म्हणा.”

“एकोणीस वर्षं तो काय म्हणाला तेच हुडकत होतो मी, ताई. आता मीच रचलं म्हणून सांगू?”

“अप्पा, असं काय करताय हो,” भार्गवी म्हणाली. “नाव येईल की तुमचं.”

नाव त्यांना हवं होतं. पहिल्या पानावर ते कसं दिसेल हे त्यांनी वहीत कितीदा तरी लिहून बघितलं होतं. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि पेन त्यावर आडवं ठेवलं.

“इरली बिडु. राहू दे.”

रस्त्यावर भार्गवी चार पावलं पुढंच चालत राहिली. धारवाडला परत जाणाऱ्या बसच्या थांब्यावर, बाकावर बसल्यावर त्यांनी पिशवीतून ते छापील पुस्तक काढलं.

“पेन्सिल आहे काय ग?”

ती शाळेत शिकवते, तिच्या पर्समध्ये पेन्सिल असतेच. तिला वाटलं, नाव घालतील. त्यांनी बावन्नावा श्लोक काढला. बकुळीच्या अलीकडं एक चौकोनी कंस घातला, पलीकडं एक, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘पळस’. मग पहिल्या श्लोकापासून आपल्या एकेका शब्दाला कंस घालायला सुरुवात केली.

“कुणी वाचून बकुळीखाली खणत बसायला नको,” ते म्हणाले.

बस आली आणि गेली. भार्गवीनं वाऱ्यानं उडणारं पान अंगठ्यानं दाबून धरलं.