दोघींचं ताट

मित्रांनो, माझ्या काठावरून बोट फिरवा, एक कोरलेलं नाव लागेल. 'कु. पायल.' मी जालन्यातल्या एका घरातलं स्टीलचं जुनं ताट आहे. नाव एकीचं असलं तरी मी दोघींचं होते. आता कोणाचंच नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी इतर ताटांसारखंच होते. जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या दुकानात केशरबाईंनी मला उचललं, नखानं वाजवून पाहिलं. त्यांना नात झाली होती. नाव कोरणाऱ्यानं विचारलं, "मावशी, कोणाकडून टाकू?"

"ज्याचं ताट त्याचं नाव टाक. देणाऱ्याचं काय करायचं लोकायला?"

ताटाचा एवढा सोस त्यांना का, ते मला नंतर कळलं. धावडा या त्यांच्या गावी तरुणपणी त्या लोकांच्या शेतात कामाला जायच्या. तिथं त्यांची जर्मनची थाळी, म्हणजे ॲल्युमिनियमची, गोठ्याच्या वळचणीला वेगळी खोचलेली असायची. भाकरी वरून टाकायचे. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, नातीला आपल्याच ताटात घेऊन जेवायचं.

ते माझे सुखाचे दिवस. रोज संध्याकाळी दोघी मला मधे घेऊन बसायच्या. भाकरीचा काला व्हायचा. पायल बोटानं त्यात रेघ ओढायची.

"आजी, तुझा हात माझ्या हद्दीत आला!"

"तुही कशाची हद्द? सारं रानच तुहं हाये की, माय."

पायल मोठी झाली, कॉलेजात गेली, तरी संध्याकाळचं जेवण माझ्यातच. मग एक दिवस ती नाचतच घरी आली. एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जायला तिची निवड झाली होती.

"जर्मनला?" केशरबाई हसल्या. "आमचा जल्म जर्मनच्या थाळीत गेला अन् तू त्या गावालाच चालली व्हय!"

कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं, जाण्याआधी मनाची तयारी करा, ध्येयं ठरवा. पायलनं ती जेवतानाच सगळ्यांना ऐकवली. सगळे विषय एका दमात काढायचे. वर्गात रोज तोंड उघडायचं. स्वतःच्या हातानं रांधायचं. आणि घरच्या आठवणीनं एकदाही रडायचं नाही.

"हे शेवटचंच अवघड आहे," ती म्हणाली. "त्याची सवय इथूनच लावते."

दुसऱ्या दिवसापासून ती डब्यात वाढून घेऊन आतल्या खोलीत एकटी जेवू लागली. दार लावून. केशरबाई मला पुढ्यात घेऊन वाट बघायच्या. सून संध्या, पायलची आई, म्हणायची, "आत्याबाई, घ्या जेवून. तिची तयारी चालू हाये."

"तिकडं गेल्यावर यकटीच जेवंल की. इथं मी हाये ना आजून!"

जायच्या आदल्या दिवशी केशरबाईंनी गरम भाकरी केल्या, पिठलं केलं, ठेचा वाटला आणि मला मधोमध मांडलं. "आज तरी ये, माय."

पायल दारात आली. माझ्याकडं बघून तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता बसेल. पण तिनं ओठ दाबले. "आजी, आत्ता बसले तर सगळं मोडून जाईल. सहाच महिने. आल्यावर बसू, बराबर?"

ती आत गेली. केशरबाईंनी भाकरी काढून ठेवल्या आणि मला विसळलं.

"संध्या," त्या म्हणाल्या, "लोकायनी थाळी येगळी ठिवली व्हती, तव्हा रडले न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी पायल गेली. केशरबाईंनी स्वतःसाठी एक लहान ताटली काढली आणि कोपऱ्यात जेवू लागल्या. मी फळीवर गेले.

पायलची सगळी ध्येयं पुरी झाली. फोनवर ती कौतुकानं सांगायची, "आजी, एकदाबी रडले न्हाई!"

"बरं केलं," केशरबाई म्हणायच्या.

सहा महिन्यांनी ती आली. बॅग दारातच टाकून तिनं मला खाली काढलं, ओढणीनं धूळ पुसली, काला केला, त्यात बोटानं रेघ ओढली. "आजी, ये ना!"

कोपऱ्यातून उत्तर आलं, "जेव तू. मला आता यकटीनं जेवायची सवय झाली, माय."

आवाजात राग नव्हता. असता तर मला आशा वाटली असती.

पायल तेव्हा रडली. माझ्यातल्या काल्यावर थेंब पडले. केशरबाईंचा हात तिच्याकडं जरासा निघाला, आणि पुन्हा आपल्या ताटलीतल्या घासाकडं गेला.

मित्रांनो, तुम्हीही लांब जाल. जरूर जा, शिका, ध्येयं ठरवा. पण ताटातुटीचा सराव घरच्या माणसांवर करू नका. जायचा दिवस येईपर्यंत तुम्ही घरीच असता. तोवर हाक आली की जेवायला बसा.

हल्ली मी पिठाच्या डब्यावर पालथं पडलेलं असते, झाकण म्हणून. कोरलेलं नाव आत, पिठाकडं.