पंधरा मिनिटं नळाखाली

कुत्र्याचे दात मनगटातून सुटले तसं तिनं त्याला पायानंच बाल्कनीत लोटलं आणि कडी घातली. चार भोकं पडली होती. रक्त कोपराकडे ओघळत होतं. तिनं डाव्या हातानं आजींच्या लेकीला फोन लावला.

"ताई, कुत्रा चावलाय. दवाखान्यात जायला हवं. कुलूप काढायला या ना."

"घरचाच आहे गं तो. मलम लाव, घट्ट पट्टी बांध. मी सहाला येतेच."

आत्ता कुठे अकरा वाजले होते. आजींना विसर पडू लागला, त्या रस्त्यावर भरकटू लागल्या, तेव्हापासून लेक कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायची. त्यांना सांभाळणारी हीसुद्धा मग दिवसभर आतच. आजींनी विचारलं की हीच सांगायची, दार फुगलंय, सुतार येणार आहे. आठ महिने सुतार येतच होता.

ती पट्टी गुंडाळत होती, तेवढ्यात आजी उठून आल्या. त्यांनी पट्टी सोडली आणि तिचं मनगट नळाखाली धरलं.

"साबण घे. पंधरा मिनिटं. घड्याळ बघ."

"आजी, दुखतंय."

"दुखू दे. भोकं खोल आहेत, घाण आत बसते. आवळून बांधायचं नाही. आणि लस आजच."

आजींनी तीस वर्षं दवाखान्यात जखमा धुतल्या होत्या, हे तिनं नुसतं ऐकलं होतं. सकाळी याच बोटांना गाऊनची बटणं लावता आली नव्हती.

"झालं. आता नीघ."

ती जागची हलली नाही.

"दार फुगलेलं नाही, आजी. बाहेरून कुलूप आहे. ताईंनी लावलंय."

आजींनी नळ बंद केला. दाराकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्यापायी तूही कोंडली गेलीस होय."

नोकरी जाणार, हे तिला कळत होतं. तरी तिनं वॉचमनला हातोडी घेऊन वर बोलावलं. तिसऱ्या घावाला कोयंडा निखळला. आजींना एकटं सोडणं शक्यच नव्हतं. तिनं त्यांच्या पायात चपला सरकवल्या आणि ताईंना निरोप धाडला, आजी माझ्याबरोबर आहेत.

दवाखान्यात एक सुई दंडात बसली, बाकीच्या जखमेभोवती. तिनं ओठ दाबून धरले. नर्सनं कागद पुढे ओढला.

"सोबत कोण आहे?"

तिनं बाकावरच्या आजींकडे पाहिलं. आजींची नजर तिच्यावरून परक्यासारखी फिरली, मग तिच्या मनगटावर थांबली. त्या उठून जवळ आल्या.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "लिहा."