गाईचा पाहुणा

तीन दिवस बर्फ पडलं आणि चौथ्या दिवशी वारा सुटला. बेश्केनला बर्फापेक्षा वाऱ्याची धास्ती जास्त. वाऱ्याने डोंगरापलीकडचं बर्फ उचलून गावावरच्या उतारावर आणून रचलं होतं. खाली जुनं, गुळगुळीत गोठलेलं. वर हे नवं. दोघांची एकमेकांवर पकड नाही. सकाळी गोठ्याकडे जाताना पायाखालचं बर्फ 'धप्प' करून खचलं. आता अख्खा उतार खाली यायचा, हे ओळखून तो बायकोला आणि गाईला घेऊन थेट घराला लागून असलेल्या, अशा वेळी आसऱ्यासाठीच बांधलेल्या दगडी बुरुजात शिरला.

थोड्याच वेळात दारात शेजारी मुर्झाकान येऊन उभा राहिला. त्याचं घर उताराच्या अगदी पायथ्याशी. पण अकरा वर्षांपूर्वी एका डुकरावरून दोघांचं वाजलं होतं, आणि 'याच्याशी एक शब्द बोलणार नाही' अशी शपथ बेश्केनने देवळात घेतली होती. घरधन्याने बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडणं म्हणजे स्वानेतीच्या त्या डोंगराळ मुलखात नाक कापून घेणं.

"अहो, बोलवा की! मरेल तो," लमारा नवऱ्यावर खेकसली.

"शपथ आहे."

"मग भावोजी, मी बोलावते. या आत!"

"तुम्ही नका मध्ये पडू, वहिनी," मुर्झाकान बाहेरून म्हणाला. "घरधन्याला बोलू द्या."

बेश्केन गाईकडे वळला. "गाई, त्या गाढवाला सांग, वरचा उतार सुटायला आलाय."

"गाई, तुझ्या मालकाला सांग, मला डोळे आहेत. आमंत्रण आहे का, तेवढं विचार."

"डुक्कर माझं होतं, हे आधी कबूल कर म्हणावं."

"मेलो तरी नाही म्हणावं!"

लमाराने कपाळावर हात मारला. इतक्यात वर काहीतरी कडाडलं. बेश्केनने दाराकडे पाहिलं. हा मेला, तर अकरा वर्षांचा राग धरायचा कुणावर? त्याने गाईची शेपटी पिळली. गाय हंबरली.

"बोलावलंस ना, गाई? ऐकलं असेल त्याने. बहिरा नाही तो."

मुर्झाकानने टोपी काढली, गाईला वाकून नमस्कार केला आणि आत उडी मारली. दार लागतं न लागतं तोच बुरूज हादरला. फटींतून पांढरी भुकटी आत उडाली. मग सगळं शांत. लमाराने वरच्या झरोक्यातून पाहिलं, तर मुर्झाकानच्या घराच्या जागी नुसतं पांढरं सपाट.

पाहुणा आला म्हणजे भाकरी, चीज आणि दारू आलीच. पण पाहुणा गाईचा, म्हणून मानाच्या जागी गाय उभी राहिली.

मुर्झाकानने पेला उचलला. "गाई, मालकाला सांग, डुक्कर त्याचंच होतं."

बेश्केनने भाकरीचा तुकडा मोडून गाईपुढे धरला.

"नव्हतं म्हणावं, गाई. ते मला तेव्हाच ठाऊक होतं."