दुसरं इंजेक्शन

“अक्का, थांबा. ती सिरिंज द्या इकडे.”

धाकट्या सिस्टरच्या आवाजानं वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. खिडकीजवळच्या आजोबांचा सदरा वर सरकवून अक्का सिस्टर ओणव्या झाल्या होत्या. त्यांनी शांतपणे वर पाहिलं.

“अगं, इन्सुलिन द्यायचंय त्यांना. जेवण येईल आता.”

“देऊन झालंय. मघाशी तुम्हीच दिलंत.”

“काहीतरीच काय!”

आजोबा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. “दिलं की हो बाई तुम्ही,” ते संकोचून म्हणाले. “परवासुद्धा असंच दोनदा टोचलंत. मला वाटलं, डॉक्टरांनीच वाढवलं असेल.”

धाकटीनं अक्कांच्या हातातली सिरिंज काढून घेतली. परवा याच आजोबांना दरदरून घाम फुटला होता, जीभ जड झाली होती. साखर पार तळाला गेली होती. नीट जेवत नाहीत म्हणून सगळ्यांनी त्यांनाच दटावलं होतं. सगळ्यांत जास्त धाकटीनं.

महिन्यापूर्वी ती या वॉर्डाची इन्चार्ज झाली होती. वयानं लहान म्हणून पडलेलं ‘धाकटी’ हे नाव मात्र काही सुटलं नव्हतं. हुकूम सोडायला ती बिचकायची. कुणी कुचराई केली, की ते काम गुपचूप स्वतःच उरकायची. “इन्चार्ज म्हणजे सगळ्यांची कामं एकटीनं करायची होय गं?” असं सासूबाईंनी विचारलंही होतं. आणि अक्कांना हुकूम सोडायचा? शीर कशी चाचपायची, माणूस गेल्यावर त्याच्या बायकोशी काय बोलायचं आणि काय नाही, हे सगळं त्यांनीच तर शिकवलं होतं. इन्चार्जचं पद आधी त्यांनाच देऊ केलं होतं. ‘मला पेशंटजवळच राहू दे’ म्हणून त्यांनी ते नाकारलं होतं.

खुणा दिसत नव्हत्या, असं नाही. अक्का भरल्या वॉर्डात मधेच थबकायच्या. अंग पुसून झालेल्या पेशंटचं पुन्हा अंग पुसायला घ्यायच्या. धाकटीनं ते पाहिलं होतं आणि नजर वळवली होती.

तिनं आजोबांची साखर तपासली, डॉक्टरांना परवाचं सांगितलं. चादरींच्या खोलीशी बडबड्या सिस्टरनं तिला गाठलं.

“कशाला बोभाटा करतेस? निवृत्तीला आल्यात त्या. औषधं आपण देऊ. त्यांना नुसतं फिरू दे.”

“आणि आपली पाठ वळली की?”

“फार बदललीस बाई तू.”

धाकटीनं अक्कांना त्याच खोलीत नेलं आणि दार लोटलं.

“अक्का, आजपासून औषधांना हात लावायचा नाही. मी मेट्रनना सांगणार आहे.”

“तू मला सांगतेस?” अक्कांचा चेहरा लालबुंद झाला. “पहिल्यांदा रक्त पाहून माझ्या पाठीमागं लपलेली पोर तू!”

“हो. म्हणूनच मी सांगणार. दुसऱ्या कुणी तुमच्याबद्दल सांगितलेलं मला सोसणार नाही.”

अक्का चादरींच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या. बाहेर जेवणाची गाडी खडखडत गेली.

“बसमधून उतरते ना,” त्या हळूच म्हणाल्या, “तर घर कुठल्या बाजूला, तेच सुचत नाही. ओळखीचं कुणी दिसेपर्यंत उभी राहते. मुलाला नाही कळवलं. उगाच त्याच्या जिवाला घोर.” मग एकदम धाकटीचं मनगट धरून म्हणाल्या, “आजोबा बरे आहेत ना गं?”

“आहेत.”

“चल मग. मीपण येते.”

मेट्रनच्या खोलीत धाकटीनं सगळं सांगितलं. परवाचं, आजचं, आपण नजर वळवली तेही. ती मधे कुठंच थांबली नाही. शेजारच्या खुर्चीत अक्का ताठ बसल्या होत्या. ड्यूटी बदलताना पेशंटची हकिकत ऐकावी, तशा त्या मन लावून ऐकत होत्या, मधूनमधून मान हलवत होत्या.

सांगून झालं. मग अक्का धाकटीकडे वळल्या.

“घरी कोण आहे गं त्या बाईंच्या?”

मेट्रननं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मुलगा आहे,” धाकटी म्हणाली. “परगावी असतो.”

“मग बोलावून घ्या त्याला,” अक्का म्हणाल्या. “आणि तो येईपर्यंत एकटं सोडू नका त्यांना.”