मामांची पाठ पडद्यावर

हॉस्पिटलातले एक्स-रेवाले मामा तेवीस वर्षं लोकांना "हलू नका" सांगत आले होते. त्या सकाळी ते स्वतःच टेबलावर पालथे पडले होते आणि त्यांना क्षणभरही स्वस्थ राहवत नव्हतं. पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. नंतर दुखू नये म्हणून भूलतज्ज्ञ बाईंनी त्यांच्या पाठीतून, मणक्यांच्या मधून, एक बारीक नळी आत सरकवली होती. तिच्यातून तीन दिवस औषध जाणार होतं. भीती जावी म्हणून आधी एक इंजेक्शनही दिलं होतं. भीती गेली, पण जाताना संकोचही सोबत घेऊन गेली.

"चिमणे, मशीन जरा डोक्याकडे घे!"

चिमणी म्हणजे मामांच्याच हाताखाली तयार झालेली टेक्निशियन. ती एक्स-रे मशीनचा वाकडा हात त्यांच्या पाठीवर आणत होती.

"मामा, आज तुम्ही पेशंट आहात."

"पेशंट आहे, आंधळा नाही. मणके हलतायत बघ."

"तुम्ही हसताय म्हणून हलतायत!"

खरंच होतं ते. मामांना हसू आवरेना. पडद्यावर त्यांचा कणा गदागदा हलत होता, आणि ते बघून त्यांना आणखीच हसू येत होतं. मास्कच्या आत बाईही हसत होत्या.

"मामा, दोनच मिनिटं. नळी जागेवर आहे का, तेवढं बघू द्या."

बाईंनी नळीतून डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडलं. मामांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. काळी रेघ वर-खाली पसरायचं सोडून सरळ डावीकडे निघून गेली.

"मॅडम," मामाच म्हणाले, "नळीचं टोक मणक्यांच्या डावीकडून बाहेर डोकावतंय. असंच राहिलं तर माझी डावी बाजू मजेत आणि उजवी बोंबलत बसेल."

"अगदी बरोबर!" बाईंनी नळी दीड सेंटिमीटर मागे ओढली आणि पुन्हा डाय सोडला.

"श्वास धरा," चिमणी दरडावून म्हणाली. मामांनी मुकाट्याने धरला.

या वेळी डाय दोन्ही अंगांनी वर-खाली छान पसरला.

"वा! काय देखणा फोटो!"

"काढला कोणी?" चिमणीने विचारलं.

"पाठ कोणाची आहे?"

ऑपरेशन चार तास चाललं. मामा शुद्धीवर आल्यावर बाईंनी त्यांना खोकायला सांगितलं. ते घाबरत घाबरत खोकले. दुखलं नाही. मग जोरात खोकले. तरी नाही. तिसऱ्यांदा तर हौसेनेच खोकले.

"अहो, पुरे!" मामी ओरडल्या. "पोटाला टाके आहेत!"

दुसऱ्या दिवशी नर्सने त्यांना चार पावलं चालायला उठवलं. मामा थेट वॉर्डाच्या दारापर्यंत गेले. मामी औषधाच्या पंपाची पिशवी सांभाळत मागून जवळजवळ धावत होत्या, आणि मामा प्रत्येक बेडपाशी थांबून विचारत होते, "माझ्या मणक्यांचा फोटो पाहिलात का हो?"